शेजारचं मांजर, आपला वाफा: बागवाल्यांनी काय करायचं आणि मांजरवाल्यांनी काय

दिवाळी आटोपली की नागपुरात ज्याच्या घरामागे चार फूट जागा आहे तो सांबार (कोथिंबीर), मेथी, पालक टाकायच्या मागे लागतो. खुरप्यानं माती मोकळी करायची, शेणखत मिसळायचं, ढेकळं फोडून हातानं सारखी करायची, बी टाकून वरून झारीनं पाणी मारायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पाहायला जावं तं वाफ्याच्या मधोमध खड्डा, बी सगळं एका कोपऱ्यात ढिगाला आणि वर वास. मग कंपाऊंडवरून आवाज जातो, "वहिनी, तुमची मनी पुन्हा आमच्याकडे येऊन गेली!" तिकडून उत्तर, "आमची नाही बाप्पा, आमची तर रात्रभर कुलरसमोर नाहीतर गादीवर असते." गंमत म्हणजे पुष्कळदा दोघी खरंच बोलत असतात.

माझ्या घरी वाफे पण आहेत आणि मांजर पण, त्यामुळे दोन्हीकडचं ऐकून झालंय, आणि माझं मत पक्कं आहे की हे भांडण मांजराचं नाहीच, संडासाचं आहे. मांजराला कोरडी, भुसभुशीत, उकरता येईल अशी माती पाहिजे, बस्स. ती घरी मिळाली तर ते घरी जातं, नाही मिळाली तर तुमच्या सांबारात जातं. म्हणून अर्धं काम बागवाल्याचं, माती उघडी न ठेवायचं, आणि अर्ध्याहून जरा जास्त काम मांजरवाल्याचं, घरी सोय करायचं. भांडून, पाणी फेकून, काठी आपटून काही होत नाही, मांजर तुम्ही झोपल्यावर येतं.

आधी पाहा, मांजरच आहे का

हे सगळे विसरतात. वाफ्यात खड्डा दिसला की मांजरावर नाव. पण खड्डा खोल, आत बोगदा गेलेला आणि बाहेर मातीचा मोठा ढीग असेल तर ती घूस आहे, तिचा इलाज वेगळा. जागोजागी लहान लहान, निमुळते खड्डे, जणू कोणी बोटानं टोचलंय, तर मुंगूस किडे शोधून राहिलं असेल. कंपाऊंडच्या भिंतीवर किंवा स्लॅबवर ठरलेल्या एकाच जागी घाण आणि तिच्यात फळांच्या बिया, तर ते उदमांजर, जुन्या मोठ्या झाडांच्या वस्त्यांमध्ये हे असतंच, लोकांना माहीत नसतं एवढंच.

मांजराचं काम ओळखू येतं. उथळ खड्डा, त्यावर चहूबाजूंनी ओढलेली माती आणि मातीवर पंजाच्या रेघा. झाकलेलं असतं. भिंतीवर, गेटवर किंवा कुंडीच्या बाजूला उभा फवारा आणि उग्र वास असेल तर ते वेगळं, तो बोका आपली हद्द आखून राहिला आहे, त्याला संडासाशी काही देणंघेणं नाही, त्याचा इलाज नसबंदीचं ऑपरेशन, ते पुढे येतंच.

मग पाहा, कोणाचं आहे

गल्लीतलं प्रत्येक मांजर तीन नावांनी ओळखलं जातं. एका घरी मनी, दुसऱ्या घरी चिऊ, तिसऱ्या घरी नुसतंच "ए बिल्ली", आणि तिन्ही घरी दूध पिऊन येते, पण जबाबदारी विचारली की तिन्ही घरं हात वर करतात. यावर एक साधी युक्ती आहे. साध्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, तिच्यावर लिहा, "हे मांजर तुमचं आहे का? असेल तर या नंबरवर फोन करा", मांजर माणसाळलेलं असेल तरच गळ्याभोवती सैल गुंडाळा, दोन बोटं आत जातील एवढी, आणि टोकाला थोडा चिकटपट्टीचा तुकडा. दोरा बांधायचा नाही, कागद फाटला पाहिजे म्हणजे कुठे अडकलं तरी फास बसत नाही. मालक असेल तर दोन-तीन दिवसांत फोन येतो, नाहीतर निदान पट्टी कोणीतरी काढून टाकलेली दिसते, म्हणजे घर आहे हे कळलं.

मांजराचे कान पण पाहा. एका कानाचं टोक सरळ कापलेलं किंवा त्याला खाच असेल तर त्या मांजराची नसबंदी झालेली आहे, म्हणजे कोणीतरी तिची काळजी घेतंय. ती जखम नाही, खूण आहे.

बागवाल्यांसाठी: माती झाका

मांजर वाफ्यावर येतं तेव्हा काय करतं हे एकदा खिडकीतून नीट पाहा. आधी वास घेतं, मग एका पंजानं दोन-तीनदा उकरून पाहतं, माती सहज सरकली की तिथेच बसतं, नाही सरकली की दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा उकरतं. तीन-चार ठिकाणी पंजा अडकला की निघून जातं. तुम्हाला फक्त तो पहिला पंजा अडकवायचा आहे, बाकी काही नाही.

सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे जाळी. हार्डवेअरच्या दुकानात मुर्गा जाळी मागा, एक इंची भोकाची. वाफ्यापेक्षा चारही बाजूंनी अर्धा फूट जास्त कापा आणि कडा खाली वाकवून मातीत दाबा, कापलेली तारेची टोकं वर ठेवू नका, मांजराला नाही तर तुमच्याच हाताला लागतात. जाळी मातीवर सपाट पसरली तर मेथी-पालक तिच्यातून उगवून वर येतात आणि मग जाळी काढताना रोपं उपटून येतात, म्हणून चार कोपऱ्यांत एकेक वीट ठेवून जाळी वीटभर उंचावर ताणा. रोपं जाळीला टेकायला लागली की काढून टाका, तोवर वाफा हिरवा भरलेला असतो आणि भरलेल्या वाफ्यात मांजर सहसा बसत नाही. खरा धोका बी टाकल्यापासून पहिले दोन-तीन आठवडेच असतो.

जाळी विकत घ्यायची नसेल तर गच्चीवर पाहा, जुन्या कुलरची एखादी बाजू पडलेली असतेच. तो लोखंडी सांगाडा, वाळा किंवा गवत काढून टाकलेला, जसाच्या तसा वाफ्यावर आडवा टाकला की झालं, लहान वाफ्याला तेवढा पुरतो.

गावाकडे कोणी शेती करत असेल तर पऱ्हाटी किंवा तुराटी, म्हणजे कापसाच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्या, मागवा. वीतभर तुकडे करून वाफ्यात उभे खोचायचे, एकमेकांपासून चार बोटं अंतरावर, म्हणजे मांजराला गोल फिरून बसायला जागाच राहत नाही. कोणी बोराटीच्या काट्या टाकतं, बोगनवेलीची छाटणी टाकतं, चालतं, पण घरात लहान पोट्टे उघड्या पायानं फिरत असतील तर नको.

कुंड्यांचं वेगळं आहे. लोक हौसेनं कोकोपीट आणि गांडूळखत भरतात, आणि कोरडं कोकोपीट म्हणजे मांजराच्या दृष्टीनं दुकानातून आणलेला लिटर, म्हणजे मांजराच्या संडासाची रेतीच. त्यावर गिट्टीचा एक थर द्या, नाहीतर नारळाच्या करवंट्यांचे तुकडे उपडे मांडा. गव्हाचं कुटार (भुसा) वरून पसरू नका, ते बारीक आणि सरकतं असतं, उलट बोलावणं होतं. बोनमील (हाडांची पूड) किंवा मासोळीचं खत टाकलं असेल तर ते खोल गाडा आणि वरून माती दाबा, कारण तेव्हा मांजर संडासाला नाही तर खायला मिळेल म्हणून उकरतं, आणि कुत्री पण येतात.

पाण्याची वेळ बदलून पाहा. आपली काळी माती ओली असली की पंजाला चिकटते, मांजराला ते अजिबात आवडत नाही. मांजरांच्या फेऱ्या तांबडं फुटताना आणि तिन्हीसांजेला जास्त असतात, म्हणून हिवाळ्यात पाणी दुपारी न देता संध्याकाळी पाचच्या सुमारास द्या. फुकट उपाय आहे आणि बऱ्यापैकी चालतो. उन्हाळ्यात मात्र उलटं होतं, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की मांजर ओल्या वाफ्यात संडासाला नाही, पोट टेकवून गार व्हायला येतं, आणि रोपं दबतात. तेव्हा सावलीत एका कोपऱ्यात पाण्याचं मातीचं भांडं आणि ओलं पोतं टाकून ठेवा, ते तिकडे जाऊन बसतं, तुमचा वाफा वाचतो.

आता संत्र्याची सालं. नागपुरात हा उपाय प्रत्येक काकू सांगतात, सालं तर आपल्याकडे भरपूर. मांजरांना लिंबूवर्गीय वास आवडत नाही हे खरं आहे, पण साल सुकली की वास गेला, म्हणजे दर दोन दिवसांनी ताजी टाकायची, पाऊस आला की पुन्हा टाकायची. जाळीच्या जोडीला ठीक आहे, एकट्या सालींवर विसंबू नका. ऑनलाइन मिळणारी अल्ट्रासॉनिक मशीन पण तशीच, थोडाफार फरक पडतो, काही मांजरं सरळ दुर्लक्ष करतात.

आणि हे करू नका, कितीही राग आला तरी:

तिखट किंवा मिरचीपूड टाकू नका. मांजर पंजा चाटतं, डोळ्याला लावतं, तडफडतं, आणि बाग तर वाचत नाहीच. डांबरगोळ्या विषारी आहेत, मांजराला, लहान मुलांना, मातीला. फिनाईल शिंपडू नका, मांजराच्या शरीराला फिनॉल पचवताच येत नाही, पायाला लागलेलं चाटलं तरी ते गंभीर आजारी पडू शकतं. उंदराचं औषध उघड्यावर ठेवू नका, ते खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तरी मांजर मरू शकतं, आणि मग उंदीर कोण धरणार?

फवारा मारलेली भिंत धुताना अमोनियावालं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो आणि बोका दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन "हे माझं आहे" सांगून जातो. कपडे धुवायची एन्झाइमवाली पावडर कोमट पाण्यात, घासून, मग साधं पाणी.

रेतीचा ढीग

नव्या लेआउटांमध्ये, बेसा-मनीषनगर-मानेवाडा कडे, प्रत्येक दोन घरांनंतर एक बांधकाम चालू आणि समोर रस्त्यावर रेती. वस्तीतल्या सगळ्या मांजरांचा तो सार्वजनिक संडास असतो आणि संध्याकाळी त्याच रेतीत पोट्टे किल्ले करतात. ज्याचं बांधकाम आहे त्याला सांगून रात्री ताडपत्री टाकायला लावा, कडेला विटा ठेवून. मुलांना खेळून आल्यावर साबणानं हात धुवायला लावायचे, नखांतली रेती काढून. पण एक लक्षात घ्या, ज्या दिवशी ढीग झाकला किंवा संपला त्या दिवसापासून तीच मांजरं आसपासच्या वाफ्यांमध्ये येणार, म्हणून आधी वाफे झाकून ठेवा मग ताडपत्री टाका.

मांजरवाल्यांसाठी: संडास घरी पाहिजे

"मांजर म्हणजे कुत्रं थोडीच आहे, ते फिरणारच" हे वाक्य मी पण ऐकलंय आणि अर्धं खरं पण आहे. फिरू द्या, पण हगायला दुसऱ्याच्या घरी पाठवू नका.

घरातला लिटर बॉक्स: मांजराच्या लांबीच्या दीडपट लांब टब घ्या, लहान ट्रे घेतला की मांजर अर्धं आत अर्धं बाहेर बसतं आणि मग तुम्ही म्हणता याला वापरताच येत नाही. दुकानातला बेंटोनाइट नावाच्या मातीचा लिटर चांगला, गोळा होतो, उचलायला सोपा. महाग वाटत असेल तर चाळून घेतलेली कोरडी रेती किंवा आरामशीनचा भुसा चालतो, फक्त रोज साफ करावा लागतो. जितकी मांजरं तितके बॉक्स आणि वर एक जास्त. जेवणाच्या भांड्याजवळ ठेवू नका, वॉशिंग मशीनच्या खडखडाटाजवळ ठेवू नका. रोज एकदा उचला, आठवड्यातून एकदा पूर्ण बदला. बहुतेक मांजरं घरचा बॉक्स सोडून बाहेर जातात ते बॉक्स घाण असतो म्हणूनच.

अंगण असेल तर बाहेरचा संडास त्याहून भारी. आपल्याच आवारात, गेटपासून आणि विहिरी-बोअरपासून लांब, सावलीचा शांत कोपरा पाहा. दोन फूट बाय दोन फूट, फूटभर खोल खणा, काळी माती काढून टाका आणि त्यात तीन भाग रेती, एक भाग कोरडी भुसभुशीत माती भरा. मांजराची आधीची थोडी घाण, जिथून शेजारी ओरडतात तिथूनच उचलून आणलेली, या जागेत एकदा पुरा, वासावरून ते समजतं. वर पत्र्याचा तुकडा चार दांड्यांवर, नाहीतर पावसाळ्यात चिखल होतो आणि मांजर पुन्हा शेजारी. रोज नाही तर दिवसाआड खुरप्यानं घाण काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात. भाजीच्या खतात टाकायची नाही.

हे झालं की शेजाऱ्याच्या वाफ्यावर जाळी आणि तुमच्याकडे तयार जागा, मांजराला निवड करणं सोपं होतं. दोन्ही एकाच आठवड्यात करा, नुसतं एक केलं तर अर्धवट राहतं.

ऑपरेशन टाळू नका

"एकदा तरी पिल्लं होऊ द्या, मग करू" असं म्हणणारे नंतर त्या पिल्लांना घर शोधत फिरतात, किंवा खोक्यात घालून देवळाजवळ, मटण मार्केटजवळ सोडतात. मांजरी चार-पाच महिन्यांची असताना पण गाभण राहू शकते, साधारण ६३ ते ६५ दिवसांत वितं आणि पिल्लं अजून दूध पीत असताना पुन्हा माजावर येऊ शकते. हिशोब तुम्हीच करा.

नर असेल तर त्याचं पण करा, आणि हे लोक करत नाहीत, "त्याला काय पिल्लं होणार आहेत" म्हणतात. पण रात्रीच्या मारामाऱ्या, कान फाटणं, भिंतीवरचे फवारे, सात घरांपलीकडे भटकणं हे सगळं बोक्याचं काम असतं, आणि ऑपरेशन झाल्यावर बहुतेक बोक्यांचं फवारणं थांबतं किंवा खूप कमी होतं. पाच-सहा महिन्यांचं झालं की डॉक्टरला दाखवा. नागपूरला सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, तिथे जनावरांचा दवाखाना आहे, खासगी डॉक्टर तर आता जवळजवळ प्रत्येक भागात झालेत. जायच्या आधी फोन करून विचारा, वार आणि वेळ काय, आणि उपाशी किती तास ठेवायचं, भूल द्यायची असते म्हणून. नराला घरी आल्यावर एक-दोन दिवस आणि मादीला आठवडाभर तरी बाहेर सोडायचं नाही, टाके चाटू द्यायचे नाहीत.

लसी पण त्याच फेरीत विचारून घ्या. साधारण आठ आठवड्यांपासून ट्रायकॅटचे, म्हणजे मांजरांच्या तीन रोगांवरच्या एकत्र लसीचे, डोस सुरू होतात, रेबीज बारा आठवड्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगेल तशी दरवर्षी. जंताचं औषध ठरावीक अंतरानं. बाहेर फिरणाऱ्या मांजराला रेबीजची लस नाही म्हणजे गल्लीतल्या सगळ्या मुलांच्या जिवाशी खेळ आहे, इथे मी अजिबात ऐकून घेत नाही.

खाणं, चिमण्या आणि रात्र

आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, हगवण लागते, आणि ती हगवण पुन्हा कोणाच्या तरी वाफ्यातच. मांजराला मांस लागतंच, टॉरीन नावाचा घटक त्यातूनच मिळतो, नाही मिळाला तर डोळे आणि हृदय बिघडतं. घरी शाकाहार असेल तर निदान तयार कॅट फूड द्या. मांसाहारी असाल तर मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन अधूनमधून, पण रविवारच्या सावजीचा उरलेला रस्सा टाकू नका बाप्पा, त्यात कांदा-लसूण असतो, तो मांजराला विषच आहे, आणि तर्री तर माणसालाच झेपत नाही.

खाण्याचा शिकारीशी पण संबंध आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ मधला अभ्यास आहे, त्यात जास्त मांस असलेलं, धान्य नसलेलं खाणं दिलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली, आणि मालकानं रोज ५ ते १० मिनिटं नुसतं खेळवलं तरी २५ टक्क्यांनी कमी झाली. गळ्यातल्या घुंगराचा मात्र त्यांना खास फरक दिसला नाही. म्हणजे दोरीला चिंधी बांधून संध्याकाळी दहा मिनिटं मांजराला पळवायचं आणि मग जेवायला द्यायचं, एवढंच.

मार्च ते जून बुलबुल, शिंपी यांची घरटी बागेतल्या झुडपांमध्येच असतात, कधीकधी गॅलरीतल्या मनीप्लांटमध्ये पण. उडायला शिकणारी पिल्लं एक-दोन दिवस जमिनीवर फिरतात. शेजारी सांगायला आले की आमच्याकडे घरटं आहे, तर तेवढे दिवस मांजर सकाळी-संध्याकाळी घरात ठेवा. तसंही रात्री घरात ठेवायची सवय लावली तर अर्धी भांडणं आपोआप मिटतात, मारामारी नाही, गाडीखाली येणं नाही. संध्याकाळचं जेवण ठरलेल्या वेळी घरात द्या आणि दार लावा, लहानपणापासून लावलेली सवय टिकते, मोठ्या मांजराला पहिले काही दिवस ओरडू द्यावं लागतं.

संक्रांतीच्या आधीचे पंधरा दिवस तर बाहेर सोडूच नका. गच्चीवर, झाडांवर नायलॉन मांजा लटकत असतो आणि मांजराच्या पायात, गळ्यात अडकला की कापत जातो. आणि थंडीत सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, गरम इंजिनजवळ मांजर झोपलेलं असतं, हे तर सगळ्यांसाठी.

शेजाऱ्याशी बोलायचं कसं

पहिलं बोलणं ग्रुपवर करू नका. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला की मांजरवाला बचावात जातो, चार जण मध्ये पडतात, आणि घाण तिथंच राहते. घरी जा, चार वाजता, चहाच्या वेळेला. "काकू, मनी छान आहे हो, पण आमच्या सांबारात रोज येते, मी जाळी टाकून राहिलो आहे, तुम्ही पण एक रेतीचा टब ठेवता का?" असं. आधी आपण काय करतोय ते सांगायचं, मग त्यांनी काय करायचं ते. ऑपरेशनचा विषय निघाला आणि त्यांना दवाखान्यात न्यायला कोणी नसेल तर "मी गाडीवर नेऊन आणतो" म्हणा, एका फेरीत वर्षभराची कटकट जाते.

मांजरवाल्यांनी पण "जनावर आहे, त्याला काय कळतं" म्हणू नये. त्याला नाही कळत म्हणूनच तुम्ही आहात. शेजाऱ्यानं सांगितलं की त्याच दिवशी पिशवी आणि खुरपं घेऊन स्वतः जाऊन साफ करून द्या, रोपं गेली असतील तर नर्सरीतून आणून द्या. यात मान जात नाही.

फ्लॅटमध्ये असाल तर हे माहीत असू द्या, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण खालच्या बागेतली घाण मालकानं उचलावी अशी विनंती कमिटी करू शकते, आणि करावी.

जे कोणाचंच नाही

गल्लीतल्या मांजराला पोत्यात घालून फुटाळा तलावाला नाहीतर गोरेवाड्याच्या जंगलाकडे सोडून यायचं, हा जुना उपाय. त्या मांजराला तिथे खाणं माहीत नाही, तिथली कुत्री आणि मांजरं त्याला टिकू देत नाहीत, आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरं मांजर भरतं, बहुतेक वेळा ऑपरेशन न झालेलं. पकडायचं, नसबंदी करायची, कानाला खूण करून पुन्हा त्याच जागी सोडायचं, एवढाच टिकणारा रस्ता आहे. पकडण्यासाठी एका ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी आठवडाभर खायला द्या, मग तिथेच पिंजरा ठेवा, आधी दार बांधून उघडंच ठेवायचं, आत जाऊन खायची सवय झाली की मग लावायचा. पिंजरा बंद झाला की लगेच चादर टाका, अंधारात मांजर शांत होतं. दूध पाजणारी मादी असेल तर पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत थांबा.

रोज खायला घालणाऱ्यांनी ताटली अर्ध्या तासात उचलायची. उरलेलं अन्न पडून राहिलं की घुशी, कावळे, कुत्री, आणि मग सगळी चिडचिड मांजरावर निघते. आणि खायला घालायचं ते दुसऱ्याच्या गेटसमोर नाही.

कायदा आणि तब्येत, थोडक्यात

मांजराला विष देणं, मारून टाकणं, अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा तर आहेच, त्यात पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील असं सोडून देणं पण येतं, म्हणजे पिल्लांचं खोकं देवळाजवळ ठेवणारे पण त्यात येतात. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंतच आहे, १९६० चे ५० रुपये अजून तसेच आहेत, पण म्हणून करायचं असं नाही.

टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या संसर्गाची भीती गरोदर बायकांना खूप घातली जाते. खरं एवढं आहे: मांजराला हा संसर्ग पहिल्यांदा झाला की साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतूंची अंडी बाहेर पडतात, ती लगेच नाही तर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगी होतात, आणि ओलसर मातीत वर्षभरसुद्धा टिकू शकतात. म्हणून लिटर रोज साफ करायचा, आणि तो गरोदर बाईनं नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणी. बागेत काम करताना हातमोजे, सांबार-पालक दोन-तीन पाण्यांनी धुवून, मांस पूर्ण शिजवून, कारण ते कच्च्या मांसातून पण होतं. मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

चावलं किंवा रक्त येईल असं ओरबाडलं तर हळद, चुना, तेल काही लावू नका. नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, मेयोत किंवा जवळच्या दुसऱ्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. मांजर पाळीव आहे, ओळखीचं आहे, म्हणून उद्यावर टाकू नका. मालकानं लसीचं कार्ड घेऊन सोबत जायचं, आणि पुढचे दहा दिवस ते मांजर घरात बांधून न ठेवता पण नजरेसमोर ठेवायचं, खाणंपिणं, वागणं बदललं तर लगेच डॉक्टरला आणि ज्याला चावलं त्याला दोघांना कळवायचं.